शेवटच्या कडव्याआधी

प्रमोद खिल्लारे हिंगोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. लोकांनी त्याला परस्पर इंजिनिअर करून टाकलं होतं आणि त्यानेही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. २००५च्या आसपास त्याने एक काम मात्र मनापासून केलं. जिल्ह्यात भीमगीतं गाणाऱ्यांचे आवाज गावोगाव फिरून रेकॉर्ड केले आणि वेबसाईटवर ठेवले. त्यात आखाडा बाळापूरच्या संतरामची अख्खी बैठक होती, सलग एकाच भल्यामोठ्या फाईलीत. वेगवेगळी गाणी करायचा प्रमोदला कंटाळा आला होता.

संतरामची एक खोड होती. बाकीचे गायक शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, हा बायकोचं गुंफायचा. सोजराचं नाव आलं की अख्खा विहार हसायचा. सोजराबाई पदर तोंडाला लावायची आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा पहिल्या रांगेत बसायची. त्या रेकॉर्डिंगनंतर थोड्याच दिवसांत संतराम गेला.

साईट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, तिने महिन्याच्या डाउनलोडला मर्यादा घातली होती. ती ओलांडली की साईट बंद. म्हणून प्रमोद सर्व्हरच्या नोंदी वाचायचा. इंटरनेटच्या कोणत्या पत्त्यावरून, केव्हा, कोणती फाईल मागितली, आणि सोबत एक आकडा. दोनशे असेल तर अख्खी फाईल द्यायला घेतली, दोनशे सहा असेल तर फाईलीचा फक्त तुकडा दिला. हे तो क्लासात स्वतः शिकवायचा.

एका सकाळी पाहतो तर एकाच पत्त्यावरून संतरामच्याच फाईलीच्या ओळीच ओळी. त्याचं डोकं फिरलं. कोणी रिकामटेकडा तीच फाईल पुन्हा पुन्हा ओढतोय आणि सगळ्यांच्या वाट्याचं खातोय, असं त्याने ठरवूनच टाकलं. आकड्याकडे पाहिलंही नाही. तो पत्ता बंद केला आणि मोठा तीर मारल्याच्या थाटात चहाला गेला.

काही दिवसांनी संतरामची मुलगी करुणा क्लासात आली.

"प्रमोददादा, तुमची साईट बिघडली काय? बाबाच्या वर्षाच्या कार्यक्रमाला शेवटचं गाणं लावायचं होतं. रोज बाळापूरच्या कॅफेत जाऊन बसायची. लाईट जायची, नेट तुटायचं. कॅफेवाला म्हणायचा, तुटलं तिथून पुढं उतरून राहिलं, घाबरू नका. थोडंच राहिलं होतं, अन् मग उतरेचना."

"मला काहून न्हाई सांगितलं? मी सीडी दिली असती."

"तुमाला कशाला तकलीफ द्यायची? साईट समद्यांसाठीच हाय न."

"मग कार्यक्रमात काय केलं?"

"उतरलं तेवढं लावलं. शेवटचं कडवं आलंच न्हाई. आई तशीच बसून राहिली."

"सर्व्हरची काही गडबड असंल," प्रमोद म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

ती गेल्यावर त्याने जुन्या नोंदी उघडल्या. ओळीगणिक दोनशे सहा. फाईल पुन्हा पुन्हा कोणी नेलीच नव्हती. एकदाच, तुकड्यातुकड्याने चालली होती, आणि उरलेला तुकडा त्याने अडवला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. चुकीची वाटली, आणि वर खोटं बोलल्याची जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी सीडी आणि प्लेअर घेऊन तो बाळापूरला गेला. सोजराबाईच्या अंगणात बसून त्याने सगळं सांगितलं, काल खोटं बोललो हेही सांगितलं. करुणा उठून आत गेली. प्रमोदने खालमानेने गाणं लावलं.

शेवटचं कडवं आलं. नाव आलं. सोजराबाईचा हात सवयीने पदराकडे गेला आणि तिने आजूबाजूला पाहिलं. हसायला कोणीच नव्हतं.

"गाणं आणलंस, बाबा, बरं केलंस," ती म्हणाली. "पर त्या दिशी समदं गाव बसलं होतं."