चोवीस व्होल्ट आणि बोटावरचा फिका पट्टा

दाजींची बातमी दुपारी वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या फोनवर आली. पिंपरीहून त्यांच्या कंपनीतला माणूस बोलत होता आणि मी सवयीनं समोरच्या कागदावर लिहीत गेलो. नाव, वय, ठिकाण, वेळ. निगडीच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत असताना हृदयविकाराचा झटका. फोन ठेवून कागद पाहिला तर बातमी पुरी झाली होती, आणि ती माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची होती, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं... त्याला आता सात आठवडे झाले.

दाजी निघोज्याचे. थोरले दोघे भाऊ शेतीत राहिले आणि हे वायरमनचं काम शिकून पिंपरीच्या एका कारखान्यात लागले. साठच्या दशकाच्या मध्यावर अक्काचं स्थळ ठरत होतं, तेव्हा आमचे वडील अण्णा, गावचे शाळामास्तर, विजेच्या कामावर अडून बसले. त्यांचा एक पुतण्या विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता. दाजी त्यांना म्हणाले, "अण्णा, माझं काम चोवीस व्होल्टचं हाय. त्यानं मला काय व्हणार न्हाई, हा माझा शब्द." कारखान्याची वीज गेली तरी भोंगा, आतले फोन आणि बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे चालू राहावेत म्हणून एका खोलीत दोन-दोन व्होल्टच्या बारा बॅटऱ्या मांडलेल्या होत्या. त्या बसवणं, चार्ज करणं, सांभाळणं हे दाजींचं काम. अण्णांनी होकार दिला. लग्नात जावयाच्या बोटात अंगठी घालताना ते एवढंच म्हणाले, "ही कधी उतरवू नका."

दुसऱ्या दिवाळीला दाजी आले तेव्हा बोटात अंगठी नव्हती. हे प्रथम मी पाहिलं. वर्तमानपत्रात लागून मला तेव्हा सहा महिने झाले होते आणि आपली नजर तयार झाली आहे, असं मला वाटू लागलं होतं. अंगठीच्या जागी एक फिका पट्टा होता. बाकीचं बोट उन्हानं रापलेलं. म्हणजे अंगठी अलीकडेच उतरवली आहे, असं मी ठरवलं आणि अण्णांना जाऊन सांगितलं. दाजींना विचारलं नाही. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय ओळ लिहायची नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं. पानावर बसल्यावर अण्णांनी विचारलं, "पाहुणे, अंगठी दिसत नाही?" दाजी म्हणाले, "घरी ठेवलीया." अक्का वाढता वाढता थांबली, मग पुढच्या पानाकडे वळली. अंगठी गहाण पडली, असं अण्णांनी मनाशी धरलं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मात्र पिंपरीला लेकीच्या घरी ते त्यानंतर एकदाही गेले नाहीत. दाजी दर वर्षी बोलवायचे, अण्णा दर वर्षी शाळेचं काहीतरी कारण सांगायचे. निवृत्त झाल्यावरही शाळेचंच सांगायचे. आठ वर्षांनी अण्णा वारले.

मी ती बॅटऱ्यांची खोली पुढे काही वर्षांनी एकदा पाहिली, वीजकपातीवर लिहायचं होतं म्हणून. दाजींनी मला दारातच अडवलं. दाराबाहेर भिंतीत एक मोठा खिळा होता, त्यावर त्यांचं घड्याळ अडकवलेलं होतं.

"मेव्हणं, घड्याळ काढा."

चोवीस व्होल्टला एवढं सोवळं कशाला, असं मी हसून विचारलं.

"व्होल्ट कमी हाय, करंट कमी न्हाई," ते म्हणाले. "दोन टोकांत पाना आडवा पडला, तर लाल व्हतो. धातूला चालतं, बोटाला न्हाई."

आत त्यांच्या पान्यांच्या दांड्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती. चार्जिंगच्या वेळी पेट घेणारा वायू निघतो म्हणून वरची खिडकी सताड उघडी, आणि विडी ओढणाऱ्याला सक्त मनाई. त्यांनी मला दाखवायला मेन स्विच पाडला. वाटेवरचे दिवे लागलेलेच राहिले. दाजी दिव्यांकडे न बघता मीटरच्या काट्याकडे बघत होते. त्यांचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी बॅटऱ्यांची संख्या लिहून घेतली, दिवे किती वेळ चालतात ते लिहून घेतलं. बोटावरचा पट्टा तसाच होता. तोही मला दिसला.

तेराव्यानंतर अक्कानं दंतमंजनाचा एक जुना डबा माझ्यापुढे ठेवला. आत अंगठी होती, एका बाजूनं तोडलेली, दुसऱ्या बाजूनं वितळून मणी झालेली. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात पाना आणि शेजारच्या बॅटरीचं टोक, दोन्हींना ती एकदम टेकली होती. मांसाला चिकटली म्हणून पकडीनं तोडावी लागली. पट्टा भाजल्याचा होता.

"अण्णांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"शब्द दिला होता ना, चोवीस व्होल्टनं काही होत नाही म्हणून. अण्णांनी मला माहेरी आणून बसवलं असतं." मग ती म्हणाली, "अंगठी नाही हे अण्णांनी कसं ओळखलं, याचं यांना फार नवल वाटायचं. म्हणायचे, मास्तरांची नजर लई बारीक..."

ती नजर माझी होती, हे तिला अजूनही सांगितलेलं नाही. ती हे वाचेल.

दाजींचा जेवणाचा डबा आणि चष्मा आणायला मी कारखान्यात गेलो. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं आत जाण्याआधी घड्याळ काढून खिळ्यावर अडकवलं, कुणी न सांगता. मीही काढलं. मनगटावर गोरा पट्टा उमटलेला होता, उन्हाचा. तसा पट्टा किती दिवस टिकतो, हे पाहायला त्या दिवाळीपासून अकरा वर्षं हातात होती. परतताना घड्याळ खिळ्यावरच राहिलं, ते मी मुद्दाम आणलेलं नाही. त्याला महिना होऊन गेला. माझं मनगट आता एका रंगाचं आहे.