दाराबाहेर घेतलेलं नाव

माझं आणि वहिनींचं शेवटचं बोलणं बंद दाराच्या दोन बाजूंनी झालं. त्या बाहेर, मी आत. पाच आठवडे उलटले, तरी विश्वासच बसत नाही... दार आमचंच, कडी माझ्याच हातात, आणि बाहेर वहिनी.

शहरात गडबड होणार हे माधवगंजात सगळ्यांच्या आधी वहिनींनी ओळखलं होतं. दुकानांच्या फळ्या भरदुपारी लागू लागल्या, तेव्हा बाकीच्या बायका चर्चा करत बसल्या आणि वहिनी कामाला लागल्या. हंडे, कळशा, न्हाणीतलं घंगाळ, सगळं पाण्यानं भरून ठेवलं. आठ दिवसांचं पीठ दळलं. दादांची जुनी धोतरं फाडून पट्ट्या केल्या, रस्त्याकडच्या खिडक्यांना गाद्या लावल्या. दळण संपल्यावर जातं दारामागे सरकवायचं ठरलं. "वन्सं, एकट्यानं हलवून दाखवा बघू," म्हणाल्या. ते तसूभर हललं नाही. तिसऱ्या दिवशी हललं, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

दाराचा नियमही त्यांचाच. कोणी ठोठावलं तर आतून घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव विचारायचं. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, शाळेत शिकवतात. अख्खं माधवगंज त्यांना 'मास्तर' म्हणतं. खरं नाव घरच्यांनाच ठाऊक. "आवाज माझा वाटला तरी उघडायचं नाही. नाव आलं तरच जातं सरकवायचं," त्यांनी मला बजावलं. तालीमही घेतली. मी नाव सांगितलं, दोन्ही मुलांनी वडिलांचं नाव ओरडून सांगितलं. वहिनींची पाळी आली, तर त्यांनी पदर सावरून चक्क उखाणा घेतला! मुलं हसून लोळली. दादा म्हणाले, "हिचा उखाणा संपेपर्यंत दंगल माजघरात येईल." आम्ही सगळेच हसलो... आणि नुसतं नाव त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं राहून गेलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. सगळ्या तयारीत एवढी एकच चूक झाली आणि आम्हां कुणाला ती चूक वाटलीच नाही.

त्या दुपारी दादा शाळेतच अडकले. गल्लीच्या टोकाला आरडाओरडा सुरू झाला. समोरच्या घरात म्हाताऱ्या अम्मा एकट्याच. "त्यांना घेऊन आत्ता येते, जातं लावून घ्या," म्हणत वहिनी बाहेर पडल्या. मी जातं लावलं. थोड्याच वेळात दारावर थाप पडली. बाहेर एवढा गोंगाट होता की आवाज ओळखू येईना.

"कोण?"

"वन्सं, मी!"

"नाव सांगा."

दारावर पुन्हा थाप. मग, "अहो, मास्तरांचं घर..." मास्तर तर कोणीही म्हणेल. मी नियमाला धरून उभी राहिले. मूर्खासारखी उभी राहिले! "बहू, बोल दे ना," असा अम्मांचा रडका आवाज आला, आणि त्यापाठोपाठ खणखणीत, "विश्वनाथ!"

मी जातं ओढलं, कडी काढली. वहिनींनी आधी अम्मांना आत ढकललं. तेवढ्यात दगड आला आणि त्यांच्या कानामागे बसला. त्यांनीच फाडलेल्या पट्ट्या मी त्यांना बांधल्या. डॉक्टर आणायला रस्ता मोकळा नव्हता. संध्याकाळी दादा कसेबसे घरी पोचले, पण दगड लागल्यापासून वहिनी शुद्धीवर आल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्यांनी दळलेलं पीठ आम्ही पुढे आठवडाभर खात होतो.

गडबड मिटली. जातं जागेवर गेलं. दादा मला बोल लावतील असं वाटलं होतं. लावला असता तर बरं झालं असतं. शाळेतून आले की ते दारापाशीच बसून राहतात. काल कडीशी चाळा करत त्यांनी विचारलं, "कुसुम, ती 'राव' म्हणाली होती, की नुसतं नाव?"

"नुसतं नाव, दादा."

"मोठ्यानं?"

"सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं."

दादांनी कडी सोडली. मग उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. "कडी लाव... आणि विचार," बाहेरून आवाज आला. मी कडी लावली. "नाव सांगा," म्हटलं. दादांनीही आजवर बायकोला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती.

"यमुना," ते म्हणाले.

या वेळी मी लगेच दार उघडलं.