देवीचा मंगळवार, बाबांचं रिफंड आणि घोडपदेव ते चौपाटी

जायचं होतं कोकणात जत्रेला, आणि गेलो गिरगाव चौपाटीला. मध्ये काय घडलं ते सविस्तर सांगते, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्या निम्म्या लोकांना गावाला जायचं असतं, आणि तिकिटाच्या बाबतीत आमच्यासारखी माती कुणी खाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्या गावच्या देवीची जत्रा मंगळवारीच भरते, पण कुठल्या मंगळवारी ते देवी ठरवते. गुरव मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गावकरी प्रश्न विचारतात आणि उजवी पाकळी पडली की कौल मिळाला. छान आहे. पण रेल्वेचं बुकिंग दोन महिने आधी उघडतं, देवीचा कौल येतो महिनाभर आधी, आणि मधल्या काळात सगळी मुंबई तिकिटं संपवून मोकळी होते. म्हणून आमच्याकडे सगळे एकच करतात. तीन मंगळवारांची तिकिटं काढून ठेवायची आणि कौल मिळाला की दोन रद्द करायची.

रद्द केल्यावर पैसे कापतात, हे तुम्हाला माहीत असेलच. ऑनलाइन तिकिटाची जी सुविधा फी असते ती तर येतच नाही, वर माणशी ठरलेली रक्कम जाते, आणि गाडीची वेळ जवळ आली की कापण्याचं प्रमाण वाढत जातं. आमच्या घरात ह्या कापलेल्या पैशांना ‘देवीचा खर्च’ म्हणतात. बाबांना मात्र तो खर्च झोंबतो. माझे बाबा गिरणीतून निवृत्त वगैरे झाले नाहीत, गिरणीच बंद पडली. मग त्यांनी मिळेल ते काम केलं आणि लालबागच्या आमच्या खोलीत मला वाढवलं. पैसा वाया गेला की माणूस गेल्यासारखा चेहरा करतात.

ह्या वर्षी मात्र जाणं भागच होतं, आणि ते माझ्या आत्यासाठी. आत्या बाबांची थोरली बहीण, घोडपदेवच्या चाळीत एकटी राहते, ऐंशीला टेकली आहे. दोन वर्षांपूर्वी मी परळच्या हॉस्पिटलात होते. नाव घ्यायला नको अशा आजाराने. तेव्हा तिने देवीला नवस बोलला होता: पोर बरी झाली की तिला जत्रेला घेऊन तुझ्या पायांवर घालीन. पहिल्या वर्षी माझ्यात ताकद नव्हती, दुसऱ्या वर्षी तिचा गुडघा. ह्या वर्षी तिने दिवाळीपासूनच धोशा लावला. ‘माजो भरवसो नाय गो आता. फेडूचो ऱ्हवलो तर मी खयच्या तोंडान जातलंय वर?’

तर तीन मंगळवारांची तिकिटं काढली, तिघांची. एके दुपारी गावच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘देवीने कौल दिला. पहिला मंगळवार!’ मी ऑफिसात होते. बाबांना ॲप वापरायला मीच शिकवलंय आणि ते आता स्वतःला त्यातले तज्ज्ञ समजतात. उशीर केला तर जास्त कापतील म्हणून त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या मंगळवारची तिकिटं तिथल्या तिथे रद्द केली आणि मला फोन केला, ‘वाचवले गो पैसे!’

संध्याकाळी ग्रुपवर खुलासा. पहिल्या मंगळवारी देऊळ धुवायचंय. सगळ्यांनी खराटे घेऊन या. जत्रा तिसऱ्या मंगळवारी.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. तिसऱ्या मंगळवारचं परत काढायला गेलो तर हे लांबलचक वेटिंग. तरी काढलं. तत्काळसाठी मी सकाळी बोटं परजून बसले, पान उघडेपर्यंत संपलं. वेटिंग शेवटपर्यंत हललं नाही, तिकीट आपोआप रद्द झालं, त्यातूनही थोडे कापले गेले. बसचा विचार केला, पण आत्याच्या गुडघ्यांना रात्रभर बसमध्ये कोंबायचं म्हणजे तिला परळलाच भरती करावं लागलं असतं. थोडक्यात, पहिल्या मंगळवारचीही रद्द केल्यावर सगळ्या तिकिटांचं रिफंड आणि जाणं एकही नाही.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. आत्याने तर त्यांचा फोनच घेतला नाही. शेवटी बाबा म्हणाले (आत्याला ते ‘बाय’ म्हणतात), ‘जत्रेच्या दिवशी बायला खोलीत बसवायची नाही. रिफंडचे आलेत ना? ती म्हणेल तिकडे फिरवू.’

ही झाली प्रवासाची पूर्वपीठिका. आता प्रवास.

मंगळवारी सकाळी घोडपदेवला पोहोचलो तर आत्या नऊवारी नेसून, पिशवी घेऊन दारात तयार. बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, ‘टॅक्सी केलंस मां? की तीय रद्द झाली?’

‘आत्या, कुठे जायचं बोल.’

‘समुद्रार. देवीच्या देवळातसून समुद्र दिसता. पण आदी दादर. वटी घेवची आसा.’

दादरचा फूलबाजार बघायचा असेल तर सकाळी लवकर जा आणि चांगली चप्पल घालू नका, खाली नुसता चिखल आणि देठ. आत्या त्या गर्दीत अशी शिरली की गुडघेदुखी कुणाची, ते मला कळेना. अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, घेतले, आणि घासाघीस एवढी केली की फुलवाली म्हणाली, ‘मावशी, फुकटच न्या ना.’ पुढे बाजारातून ओटीचे खण, नारळ, तांदूळ. साडीच्या दुकानात हिरवी साडी निवडायला तिने पाऊण तास घेतला. ‘देवीक होयी, माका नको,’ असं दुकानदाराला दहादा सांगितलं. बाबा पैसे द्यायला पुढे झाले तेव्हा मात्र अडवलं नाही. मनात म्हटलं, चला, बर्फ वितळतंय.

नाश्त्याला माटुंग्याला गेलो. इडली, तुपातला डोसा, पितळी वाटीतली कॉफी. रांग असते, पण भराभर सरकते, आणि तिघांचं पोटभर खाणं खिशाला जड होत नाही. आत्याने डोसा संपवला आणि जाहीर केलं, ‘आमच्या घावन्याची सर नाय.’ मग दुसरा मागवला.

तिथून गिरगावकडे जाताना परळला तिने टॅक्सी थांबवायला लावली. हॉस्पिटलच्या समोर.  बस त्या रस्त्याने गेली तरी मी मान फिरवून बसते. आत्या उतरली आणि फुटपाथवरच्या चहाच्या टपरीकडे गेली. मी आत असताना ती रोज तिथे बसायची, डबा मांडीवर घेऊन, भेटायची वेळ होईपर्यंत.

चहावाल्याने ओळखलं. ‘मौसी! बहोत दिन बाद? वो लडकी कैसी है?’

आत्याने माझा दंड धरून मला पुढे ओढलं. ‘ही काय. बघ. केस पण आयले परत.’

तो हसला आणि त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. मी चहा पीत उभी राहिले आणि पहिल्यांदाच त्या इमारतीकडे सरळ बघितलं. टपरीच्या मागच्या झाडाखाली आत्या मला दाखवत होती, ‘हयच बोललंय मी नवस. ह्या दगडार बसान.’ बाबा रुमालाने चष्मा पुसत होते, बराच वेळ.

गिरगावात दुपारचं जेवण. जुन्या मराठी खानावळी आहेत, थालीपीठ, मिसळ, वर पियुष. शोधायला कष्ट पडत नाहीत, वासाने सापडतात. जेवून गल्ल्यांतून फिरलो, एका देवळाच्या पायरीवर आत्याने तासभर डुलकी काढली. ऊन उतरल्यावर चौपाटीला गेलो. वाळूत चालताना तिने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा, काही न बोलता, बाबांच्या.

पाण्याजवळ ती थांबली. पिशवीतून साडी, खण, नारळ काढून वाळूवर कागद पसरून मांडले, अबोलीचे वळेसर वर ठेवले आणि दक्षिणेकडे, गावाच्या दिशेने तोंड करून हात जोडले. मला वाटलं नमस्कार करेल. तिने गाऱ्हाणं सुरू केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोकणात देवाशी मोठ्याने, सगळ्यांसमोर बोलतात, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. देवी असली, तिला ‘आवशी’ म्हणजे आई म्हटलं, तरी ‘म्हाराजा’च. गाऱ्हाणं पुरुष घालतात. बाईला घालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

‘गे आवशी, बारा गावच्ये, बारा येशीच्ये, हयसून तुका हाक मारतंय ती आयक.’

बाबा सवयीने म्हणाले, ‘व्हय म्हाराजा.’

‘ह्या चेडवाक बरा कर म्हणान तुका सांगलेलंय. तू तुजा काम केलंस. माजा ऱ्हवला.’

‘व्हय म्हाराजा.’ आता मीही म्हणत होते. शेजारी भेळ खाणारं एक कुटुंब खायचं थांबलं होतं.

‘माज्या भावान घाईन तिकीट रद्द केल्यान. त्येच्यार रागावू नको. पिसो आसा, पण पोराबाळांसाठीच वाचवता.’

बाबांनी चष्मा काढला. भेळ खाणाऱ्या कुटुंबातले आजोबा पलीकडून म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ आमच्याकडचेच निघाले.

‘मी नवस रद्द करूक नाय, आवशी. फुडच्या वर्साक ढकललंय. तुज्याकडे ढकलल्यार काय कापतत, ता माका ठाव नाय. पण कापूचा आसात, तर माज्यातला काप. माजे दिस काप. हिचो एक पण दिस कापू नको.’

आजोबांनी हातातली भेळ खाली ठेवली. 

आत्याने मान वळवून बाबांकडे बघितलं. ‘म्हण रे.’

‘नाय म्हणत,’ बाबा म्हणाले, आणि रडायला लागले. ‘तिकीट मी रद्द केलंय. माजे कापू दे.’

‘तू गप. तुका कोण इचारता हा?’

दोघं सख्खी भावंडं, ऐंशीची आणि सत्तरीची, माझ्यासाठी कुणाचे दिवस जायचे ह्यावर भर चौपाटीत भांडत होती. मला जेवढं रडू आलं तेवढं हॉस्पिटलातही आलं नव्हतं. दोघांच्या मध्ये उभी राहून मी ओरडले, ‘आवशी, कुणाचंच काही कापू नकोस! पुढच्या वर्षी तिघंही येतो!’

‘व्हय म्हाराजा!’ आजोबांनी एवढ्या जोरात म्हटलं की त्यांची नातवंडंही म्हणाली. बाबा म्हणाले. आत्या तेवढी ओठ आवळून उभी राहिली. नारळ फोडून तिने अर्धा त्या मुलांना वाटला आणि ओटीची साडी घडी करून पिशवीत ठेवली, पुढच्या वर्षीसाठी.

घरी आलो त्याला आता महिना झाला. टॅक्सी, खाणं, साडी धरून खर्च रिफंडमध्ये बसला, तेव्हा ज्यांची तिकिटं हुकतील त्यांनी मुंबईतला असा एक दिवस जरूर करावा. आणि तारीख गुरवाच्या तोंडून ऐकल्याशिवाय काहीही रद्द करू नये, हे बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

माझा नवस, कौल ह्यांवर फारसा विश्वास नाही. तो अजूनही नाही. पण माझ्या ‘कुणाचंच काही कापू नकोस’ला आत्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं नव्हतं, हे डोक्यातून जात नाही. म्हणून सकाळी उठल्याबरोबर, दात घासायच्याही आधी, मी तिला फोन लावते. ती उचलेपर्यंत श्वास धरून बसते.

‘आसंय गो, आसंय अजून,’ आत्या म्हणते. ‘ठेव आता, दूध उतू जाताहा.’