स्टॅनकाकांना लडलोला न्यायचं होतं

भास्कर तायडे हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचं ऐकून तुमचं मत बदलू शकतं. त्याचं स्वतःबद्दलचं तर कधीच बदललंय.

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगजवळ फिगट्रीला राहतो. पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये मेंटेनन्स प्लॅनर आहे. म्हणजे काय, तर एखादं अवाढव्य यंत्र दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं असलं की कुठला फिटर किती वाजता कुठे पोचणार, क्रेन कधी येणार, कुणाची शिफ्ट कधी संपणार, हे सगळं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकोनांत मांडायचं. चारशे माणसांचं पाच दिवसांचं काम हा असं बसवतो की वरचे साहेबही तोंडात बोटं घालतात. आणि या पठ्ठ्याला एका म्हाताऱ्या माणसाला दहा दिवस इंग्लंडला नेऊन आणणं अकरा वर्षांत जमलं नाही!

म्हातारा म्हणजे शेजारचे स्टॅन प्रॉसर. त्याच स्टीलवर्क्समध्ये क्रेन चालवून रिटायर झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भास्कर आणि त्याची बायको सुचित्रा पुण्याहून आले, तीन वर्षांनी इथे घर घेतलं, तेव्हा त्यांना ना कचऱ्याचे बिन कधी बाहेर ठेवायचे ते ठाऊक ना गवत कसं कापायचं ते. पहिल्या आठवड्यात स्टॅननी यांचे बिन स्वतःच रस्त्यावर नेऊन ठेवले आणि एक शब्द बोलले नाहीत. सुचित्राला रिव्हर्स पार्किंग त्यांनी शिकवलं. दोघांची ड्यूटी एका वेळी आली की सहा वर्षांच्या लेकीला, शाल्मलीला, शाळेतून तेच आणायचे. सुचित्रा त्यांना स्टॅनकाका म्हणायला लागली आणि मग सगळं घरच म्हणायला लागलं. त्यांना 'काका' म्हणजे काय ते कळल्यावर म्हातारा लाजला होता म्हणे.

दोन हजार चौदाच्या जूनमध्ये भास्करचे वडील येरवड्याला वारले. विमानं बदलत हा पोचला तोवर सगळं उरकलं होतं. पंधरा दिवसांनी परत आला. एका संध्याकाळी मागच्या व्हरांड्यात बसला होता, तर कुंपणापलीकडून स्टॅनकाका आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "मला माझी आई गेल्याचं पत्राने कळलं. पत्र हातात पडलं तोवर तिला पुरूनही झालं होतं."

मग त्यांनी लडलोबद्दल सांगितलं. इंग्लंडमधलं छोटं जुनं गाव. टेकडीवर किल्ला, खाली टीम नदी, मधे उतरत जाणारा ब्रॉड स्ट्रीट. बाविसाव्या वर्षी तिथून बोटीने इकडे आले ते आलेच. आधी परवडत नव्हतं, मग बायको आजारी, मग ती गेल्यावर एकट्याने जायचा धीर होईना. आईची कबर त्यांनी पाहिलेलीच नव्हती.

भास्करला भरून आलं. तो पटकन म्हणाला, "जाऊया की काका एकदा. मी नेतो तुम्हांला."

आता आपल्यात हे किती सहज बोललं जातं! 'या हं एकदा घरी', 'भेटूया की निवांत', 'तुम्ही नुसतं सांगा, मी आहे'. बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही, की हे मनापासून असलं तरी याची तारीख नसते. दुःखात असलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तसंच ते. पण स्टॅनकाका येरवड्याचे नव्हते. त्या वाक्याला त्यांनी वचन मानलं. पुढच्या रविवारी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, वही आणि नकाशा घेऊन दारात उभे. "बोल, कधी निघायचं?"

भास्करची चांगलीच पंचाईत झाली. पण नाही म्हणायची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर त्याला मजाही वाटली. लॅपटॉप उघडून त्याने तिथल्या तिथे चौकोन आखले. तेव्हापासून रविवारच्या आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, चहा आणि लडलो हे ठरूनच गेलं. सिडनी ते सिंगापूर, सिंगापूर ते लंडन. व्हीलचेअर आधी सांगून ठेवायची. लंडनहून ट्रेन, क्रू नावाच्या स्टेशनवर गाडी बदलायची, तिथे दोन फलाटांमध्ये चालायला किती मिनिटं, काकांच्या गुडघ्यांना किती मिनिटं. कुठल्या लॉजमध्ये उतरायचं, कुठली खोली तळमजल्यावर आहे. सकाळी किल्ला, दुपारी झोप, संध्याकाळी नदीच्या पुलावर. दुसरा दिवस पूर्ण आईसाठी मोकळा ठेवलेला. सुचित्रा चहा ओतताना म्हणायची, "अरे, तुम्ही दोघं जाऊन आलात की काय! मला पण आता ते गाव पाठ झालं."

पण जायचं कधी? रजा चार आठवड्यांची आणि ती दर वर्षी भारताच्या नावावर आधीच लिहिलेली. एका वर्षी भाचीचं लग्न. एका वर्षी आईचे डोळे. मग धाकट्या भावाचा, राजीवचा, नवा फ्लॅट झाला, तिथे गृहप्रवेशाला परित्राण पाठ ठेवला, मोठा भाऊ नको का? आणि रजा घेऊन दुसरीकडे जायचं म्हणजे आईला काय सांगायचं? "आईला भेटायला वेळ नाही आणि इंग्लंडला फिरायला आहे," हे वाक्य आई बोललीही नव्हती, पण भास्करला ते आपोआप ऐकू यायचं. प्रत्येक वेळी तो स्टॅनकाकांना सांगायचा, "काका, पुढच्या वर्षी नक्की." आणि काका म्हणायचे, "नो वरीज, मेट." मग वहीत जुनं साल खोडून नवं घालायचे आणि गाड्यांच्या वेळा बदलल्यात का ते बघायला सांगायचे.

दोन हजार एकोणीस साल मात्र वेगळं होतं. नोकरीला दहा वर्षं झाली, तशी भास्करला लॉंग सर्व्हिस लीव्ह मिळाली, भारताच्या रजेहून निराळी. सप्टेंबर ठरला. काकांनी नवा पासपोर्ट काढला, नवे बूट घेतले आणि घरातल्या घरात घालून हिंडायला लागले, चावू नयेत म्हणून. तिकिटं स्क्रीनवर समोर होती, फक्त बटण दाबायचं बाकी होतं, आणि राजीवचा फोन आला. स्वप्नाचं, त्याच्या मुलीचं, लग्न ठरलं. हॉल मिळाला तो नेमका त्याच आठवड्यातला.

"दादा, तू मोठा. तुझ्याशिवाय कसं होणार?"

फोन ठेवल्यावर सुचित्राने अगदी सरळ तोडगा काढला. "हे बघ, लग्नाला मी आणि शाल्मली जातो. तू काकांना घेऊन जा. स्वप्नाला मी समजावते, ती शहाणी आहे. काका अठ्ठ्याहत्तरचे झालेत भास्कर, त्यांच्यासाठी पुढचं वर्ष म्हणजे पुढचं वर्ष नसतं."

शाल्मली कोपऱ्यातून म्हणाली, "बाबा, जस्ट टेक हिम!"

त्या क्षणी भास्करने हो म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच गोड झाली असती. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो हॉल आला, त्यातले सगळे काका-मामा-आत्या आले. भास्कर कुठाय? कोणा गोऱ्या म्हाताऱ्याला घेऊन इंग्लंडला फिरायला गेलाय. सख्ख्या पुतणीचं लग्न टाकून! "लोक काय म्हणतील, सुचित्रा?" म्हणाला.

"लोकांनी शाल्मलीला शाळेतून आणलं होतं का?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

स्टॅनकाकांना सांगायला हा गेला तेव्हा ते पायात नवे बूट घालून बागेला पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं. "लग्न महत्त्वाचं," म्हणाले. "नो वरीज, मेट." नळ बंद केला, आत गेले. त्या रविवारी चहाला आले नाहीत, डोकं दुखतंय म्हणाले. लग्नात भास्कर तीन दिवस फेटा बांधून हिंडला. कोणी दोन मिनिटांपलीकडे त्याच्याशी बोललंसुद्धा नाही. सगळे आपल्या-आपल्यात.

पुढच्या मार्चमध्ये दारंच बंद झाली. कोविडने भास्करला दोन वर्षं आयतीच सबब पुरवली. दारं उघडल्यावर सगळ्यांबरोबर तोही आधी पुण्याला धावला. मग आईचं खुब्याचं ऑपरेशन, मग शाल्मलीची एचएससी. भिजत घोंगडं ते भिजतच राहिलं. आणि दरम्यान स्टॅनकाका विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग गॅस, मग बिनचा वार. एका रविवारी त्यांनी भास्करला विचारलं, "क्रूला गाडी बदलायची म्हणतोस, पण कुठे जायला?" भास्करने हसून उत्तर दिलं आणि घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडला.

गेल्या जानेवारीत ते घरात पडले. हॉस्पिटलमधून परस्पर एज्ड केअर होममध्ये गेले. भास्कर पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा पाच मिनिटांत उठून आला. तोंड दाखवायचीच लाज वाटत होती. सुचित्रा दर आठवड्याला जायची, हा गाडी पार्क करायच्या निमित्ताने बाहेरच बसायचा. पण शेवटी जून उजाडला, वडलांचा स्मृतिदिन आला, आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, याने कामावर जाऊन सरळ रजेचा फॉर्म भरला. सप्टेंबर. होमच्या मॅनेजरला फोन केला. ती म्हणाली, डॉक्टरांशी बोलावं लागेल, व्हीलचेअर लागेल, पण अशक्य नाही. आईलाही फोन केला आणि सांगून टाकलं की यंदा येत नाही. आई म्हणाली, "अरे मग जा ना. मी कधी नको म्हटलं होतं?"

अकरा वर्षं! त्या म्हातारीने कधीच नको म्हटलं नव्हतं.

रविवारी दुपारी भास्कर होममध्ये पोचला तो जवळजवळ पळतच. रिसेप्शनपाशी दीप्ती होती. सांगलीकडची मुलगी, नर्सिंग शिकता शिकता तिथे काम करते. सुचित्राची ओळख होती, याची नव्हती. नाव ऐकल्याबरोबर तिचा चेहरा फुलला.

"अय्या, म्हणजे भास्करदादा तुम्हीच! या आठवड्यात काका रोज तुमचंच सांगतायत. तुम्ही त्यांना त्यांच्या गावाला नेऊन आणलंत ना? मी तर आईला फोनवर सांगितलं, आजकाल सख्खी मुलं करत नाहीत एवढं."

भास्करला वाटलं, ही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय. "कुठल्या गावाला?"

"लडलो! आम्हांला सगळ्यांना पाठ झालंय ते. चला ना, खूश होतील."

स्टॅनकाका खिडकीशी बसले होते. चेहरा ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, पण ओळखलं. त्यांनी दोन्ही हातांनी भास्करचा हात धरला. त्यांच्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, त्यांना म्हणाले, "हाच तो. यानेच नेलं मला."

आणि सांगायला लागले. क्रूला गाडी बदलली ते सांगितलं. लॉजमधली तळमजल्यावरची खोली सांगितली. पुलावर संध्याकाळी गार वारा होता, भास्करने आपलं जाकीट त्यांच्या खांद्यावर घातलं, ते सांगितलं. भास्करने आखलेल्या एकाही चौकोनात ते जाकीट नव्हतं. आईच्या कबरीपाशी भास्कर मुद्दाम फाटकाबाहेर थांबला होता म्हणे, त्यांना एकट्याला बसता यावं म्हणून. "तासभर उभा होता बिचारा, पावसात," काका आजीबाईंना म्हणाले. "एकदाही घाई केली नाही."

भास्करच्या खिशात रजेचा मंजूर झालेला कागद होता. त्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "काका, जायचं का परत? सप्टेंबरात?"

स्टॅनकाका मोकळं हसले. "नको रे. एवढं विमान आता मला नाही झेपायचं. आणि झालं ना माझं सगळं. आईला भेटून आलो. आता काही राहिलं नाही." मग जरा पुढे वाकले, खासगी काही सांगावं तसा आवाज खाली आणला. "तुला एक कधी बोललो नाही. तेव्हा तुझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. ते सोडून तू माझ्याबरोबर आलास. तुझ्या लोकांत ते किती मोठं असतं, मला कळतं. मी सगळं विसरतोय म्हणतात हे लोक, पण ते नाही विसरणार."

दारात उभ्या दीप्तीने डोळे पुसले. भास्करला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलावं तर त्या माणसाचं लडलो जाणार, आई जाणार, सगळंच जाणार. म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत होता, उत्तराची वाट बघत होता.

"हो काका," भास्कर म्हणाला. "आलो होतो."