कापसाचे ढग

“थांबव जरा,” तेल्हाऱ्याहून आलेली आत्या म्हणाली. मी सिनेमा थांबवला. जुना, काळा-पांढरा, इंग्लंडमध्ये अगदी थोड्या पैशांत केलेला. त्यातलं अंतराळयान दोरीला लटकलेलं दिसतं, म्हणून काल संध्याकाळी घरचे सगळे हसून उठून गेले होते. आता रात्री हीही उठणार, असं वाटलं.

“हे ढग नाईत. पिंजलेला कापूस हाय.”

“हो, आत्या.”

“मंग काहून हसले सारे? पोळ्याले आपन मातीचे बैल पुजतो. तवा कोनी हसते का? लाव पुढं.”

ती शेवटपर्यंत बसली. त्या सिनेमावाल्यांचा आणि आत्याचा मला सारखाच अभिमान वाटला. तुमच्या घरी असे सिनेमे तुमच्यासोबत शेवटपर्यंत कोण पाहतं?

आज सकाळी तिनं तेल्हाऱ्याची बस जाऊ दिली. आम्ही दुसरा सिनेमा लावला.