उस्तिन्याचे कुर्निक

आमच्या गावात लग्न म्हटलं की कुर्निक उस्तिन्याच्याच हातचा. कोंबडीचं मांस, अंडी, अळंबी यांचे थर, मध्ये पातळ धिरडी आणि वर घुमटासारखं कणकेचं झाकण. नवरीकडच्या कुर्निकवर ती फुलं लावायची, नवरदेवाकडच्यावर कणकेची छोटी माणसं.

युद्ध सुरू झालं त्या उन्हाळ्यात पोरं घाईघाईनं लग्नं उरकून आघाडीवर गेली. सगळ्यांचे कुर्निक उस्तिन्यानंच भाजले. त्यातलं कुणीच परतलं नाही. तिचा कुर्निकच बाधला, अशी गावात कुजबुज सुरू झाली. तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण विहिरीवर ती आली की बायका गप्प व्हायच्या. खरं तर तिच्याही मनानं तेच घेतलं होतं. एकदा मला, तिच्या शेजारणीला, म्हणाली, भट्टीत डोकावलं की ती कणकेची माणसं पाठ फिरवून चालताना दिसतात. तिनं कुर्निक करणं सोडलं.

पुढं वीसेक वर्षांनी क्लावदियाच्या मुलाचं, येगोरचं लग्न ठरलं. क्लावदिया त्याच उन्हाळ्यातली नवरी. बापाचं तोंडसुद्धा न पाहिलेलं पोर तिनं एकटीनं वाढवलं होतं. ती उस्तिन्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, कुर्निक तुम्हीच करायचा."

"दुसरी कुणी बघ. माझ्या हाताला यश नाही."

"त्यांना तुमचाच कुर्निक आवडला होता. गाडीत चढताना तेच बोलत होते. तेवढंच राहिलंय माझ्याकडे."

उस्तिन्यानं बाह्या वर सारल्या. मग कोंबडी आणायला सांगितली.

कणकेची माणसं तिनंच लावली; मी हाताशी होते. भट्टीचं झाकण उघडायची वेळ आली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"तूच बघ. तोंडं कुठं आहेत त्यांची?"

क्लावदियानं वाकून पाहिलं. "आपल्याकडे, मावशी."

खरं होतं की खोटं, मी विचारलं नाही.

लग्न थाटात झालं. उस्तिन्या मात्र मांडवात आली नाही. येगोर गावातच ट्रॅक्टर चालवायला लागला, त्याला दोन पोरी झाल्या. तरी रोज दुपारी उस्तिन्या त्यांच्या कुंपणापाशी येऊन थांबायची. आतून येगोरचा आवाज ऐकू आला की परत जायची. तो रानात असला, तर तो परतेपर्यंत, अंधार पडला तरी तिथंच उभी.