ताटापेक्षा मोठं बोलावणं

दुबईच्या विमानतळावर माझी धाकटी बहीण शुभा मला न्यायला आली, ती चेहरा पाडूनच. नव्वदच्या दशकाची अखेर होती.

"ताई, माझ्या हातचं अन्न परत येतंय गं," गाडीत बसल्याबसल्या तिने सुरुवात केली. शुभा आणि तिचा नवरा दिलीप अल कुसैसमधून कामगारांना डबे पुरवत. उम्म अल कुवैनच्या एका यार्डातले व्हिएतनामी वेल्डर अर्धे डबे टाकून देत होते. शुभाने तिखट कमी केलं, मासे वाढवले, शेवटी फोडणीच बंद केली. त्यानंतर टाकणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, पण बाईचा जीव तुटत होता.

दोन दिवसांनी मीच दिलीपच्या व्हॅनमधून निघाले. शारजा, अजमान मागे पडलं. मग वाळू, आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघणारा एक उंट.

यार्डात जेवणाची सुट्टी झाली. हुंग हा त्यांच्यातला सर्वांत वयस्क. डबा उघडून तो यार्डात शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "आओ, खाना खाओ."

"नको नको, आत्ताच झालं," दिलीप सवयीने म्हणाला. झालं कसलं डोंबल! मी सकाळपासून उपाशी, त्यात भिडस्तपणा आमच्या अंगात नाही. बसले.

सगळे थबकले. त्यांच्यातही बोलावणं रीतीचं असतं आणि नाही म्हणायचं असतं, हे मला मागाहून कळलं. मग हुंग हसला. त्याने पातेल्याचं मोठं झाकण उलटं केलं आणि आपला डबा त्यात ओतला. बाकीच्यांनीही ओतले. धाकट्यांनी वडीलधाऱ्यांना एकेक करून 'जेवा' म्हटलं, आणि मगच घास उचलले. झाकण चाटूनपुसून साफ!

"डिब्बे में किसको बुलाएगा?" हुंग म्हणाला. आणि त्याने त्यांची म्हण ऐकवली : 'लोय चाओ काओ हन माम को' (बोलावणं मेजवानीच्या ताटापेक्षा मोठं).

ही आली कुठून, असं विचारलं. हुंगच्या मते ती त्याच्या आजीची. दुसरा म्हणाला, गावजेवणाला बोलावणं चुकलं की भाऊबंद जन्मभर बोलत नसत, तिथली. तिसऱ्याच्या मते सणाला आधी पितरांना जेवायला बोलावतात, म्हणजे म्हण मुळात पितरांची. पितरांशी वाद घालायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून शुभाने डब्यांऐवजी सगळ्यांना मिळून पराती पाठवल्या. रिकाम्या परत आल्या. आनंदाच्या भरात तिने शुक्रवारी सगळ्यांना घरीच बोलावलं.

पंगत बसली. "होऊ द्या सावकाश," म्हणत शुभा वाढत होती. ताटाला कुणी हातच लावेना.

"आता काय चुकलं गं, ताई?" ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली.

सगळ्यांचं एकमेकांना बोलावून झालं होतं. ती तेवढी उरली होती. "दीदी, खाना खाओ," त्यांच्यातला सर्वांत धाकटा म्हणाला.

"मी बसते मागाहून."

कुणी हललं नाही. "मम्मा, जस्ट सिट डाऊन!" भाची ओरडली.

शुभा बसली. पहिला घास घेता घेता तिला रडू फुटलं. मलाही.

नाशिकला परतले. रात्री ताटावर बसले, सून शेजारी वाढायला उभी. "काय हवंय, आई?"

"तू बस आधी."

"पोळ्या गार होतील."

"होऊ देत."